प्रोग्रॅम कुठून सुरू झाला

मागच्या वर्षी आमच्या चेन्नईतल्या गिंडीच्या ऑफिसात एक साधं काम माझ्या वाट्याला आलं. आम्ही छोट्या कारखान्यांसाठी मोजमापाचे प्रोग्रॅम लिहितो. सुट्या भागाची जाडी मोजणाऱ्या यंत्राला संगणक जोडलेला असतो; भाग मापात असला की पडद्यावर हिरवं, नसला की लाल. इतकी वर्षं आमचा हा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालायचा. आता एका गिऱ्हाइकाला तो लिनक्सवर चालणाऱ्या डब्याएवढ्या छोट्या संगणकावर हवा होता आणि त्याच गिऱ्हाइकाच्या मोठ्या साहेबांना स्वतःच्या मॅकवर. तेव्हा प्रोग्रॅमने जागं होताच आपल्याला कोणत्या फोल्डरमधून सुरू केलं गेलंय हे शोधायचं, लॉगच्या, म्हणजे त्याच्या नोंदवहीच्या, पहिल्या ओळीत लिहायचं आणि मगच पुढे जायचं, असा एक तुकडा मला लिहायचा होता. तो तिन्हीकडे सारखा चालला पाहिजे, एवढीच अट.

माझ्या शेजारी नाशिकहून आलेली एक मुलगी बसते. दोन वर्षं झाली तिला चेन्नईत. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, एका ओळीचं काम आहे ते. तुम्ही काय त्याची जन्मपत्रिका मांडताय का?"

"ओळ एकच आहे," मी म्हणालो. "पण उत्तर तिन्हीकडे वेगळं येतं."

"मग येऊ दे की. फाईल सापडल्याशी कारण."

मी तिला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. विंडोजवर प्रोग्रॅमच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली, तर प्रोग्रॅम जिथे ठेवलेला असतो तिथूनच साधारणपणे सुरू होतो. पण पडद्यावर ठेवलेला शॉर्टकट असेल तर त्याच्या पोटात एक छोटा रकाना असतो, त्यात लिहिलेल्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅम डोळे उघडतो. लिनक्सच्या डब्यावर वीज आली की प्रोग्रॅम आपोआप चालू होतो, तेव्हा काही सांगून ठेवलेलं नसेल तर तो सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी उभा असतो. मॅकवर चिन्हावरून उघडला तरी बहुधा तेच. आणि टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करून सुरू केला, तर सुरू करणारा माणूस ज्या फोल्डरमध्ये असेल ते. प्रोग्रॅम राहतो कुठे आणि उठतो कुठे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण फाईलचं नुसतं नाव लिहिलं, पूर्ण पत्ता दिला नाही, तर प्रोग्रॅम ती फाईल उठल्या जागी शोधतो. तिथे त्याच नावाची दुसरी फाईल असली तर तीच वाचतो. तक्रार करत नाही.

"हे कॉलेजात सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही असं सांगताय, जणू कोणी गेलंय यात."

मी हसून वेळ मारून नेली. कोणी गेलं नव्हतं. पण एका माणसाचं नाव गेलं होतं, आणि ते माझ्यामुळे. तेव्हा सात वर्षं झाली होती त्याला. माझ्या बायकोलाही मी ते कधी सांगितलं नव्हतं.

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकीच्या ब्रेकसाठी पिना बनवणारा एक कारखाना होता. आजही आहे. तिथे तपासणीच्या टेबलावर जे गृहस्थ बसायचे त्यांना सगळे अण्णा म्हणत, तसं मीही म्हणू लागलो. पन्नाशी ओलांडलेले, कपाळाला बारीक गंध, खिशात लाल पेन. पहिल्या दिवशी माझं तमिळ ऐकून त्यांनी चष्मा वर केला आणि मराठीत विचारलं, "तंबी, कोण्त्या गावचा तूं?"

मी चकित झालो. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, पण बाकी सगळं मराठी. त्यांचं घराणं मूळचं तंजावरचं. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी लोकांपैकी. त्यांची मराठी मला कधी जुन्या कागदासारखी वाटायची, तर कधी तमिळ चालीवर म्हटल्यासारखी. 'सगळे' म्हणायला ते 'अस्के' म्हणत, कॉफीला कापी.

"मिरजेचा," मी म्हणालो.

"आमचे अस्के तिकडूनच आले म्हणतात. कोण्त्या गावचे तें कोण्हास ठाऊक नाही. तुझा तमिळ मात्र पुरे. तो ऐकून बसचा कंडक्टरपण हिंदी बोलूं लागेल."

प्रोग्रॅम बसवायला मी तिथे पंधरा दिवस जात होतो. दुपारी ते आपला डबा माझ्यापुढे सरकवायचे. त्यात एकदा उडदाच्या पिठाचं डांगर होतं, दह्यात कालवलेलं, वर मोहरीची फोडणी. ते खाताना मला घरची आठवण झाली आणि मी ते सगळं संपवलं. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच आणलं.

त्या कारखान्यात प्रत्येक तपासनिसाचा एक शिक्का असतो. लाकडी मुठीचा, आकडा कोरलेला. पिनांची पेटी तपासून झाली की तिच्या चिठ्ठीवर तो मारायचा. अण्णांचा शिक्का ते संध्याकाळी पुसून, कापडात गुंडाळून खणात ठेवत आणि किल्ली जानव्याला बांधत. त्यांच्या शिक्क्याची पेटी गिऱ्हाईक पुन्हा उघडून बघत नाही, असं कारखान्यात सांगितलं जायचं. खरंखोटं मला माहीत नाही. पण ते सांगितलं जात असताना अण्णा खाली मान घालून काहीतरी शोधत असायचे, एवढं पाहिलंय.

आता माझी चूक सांगतो. प्रोग्रॅम दाखवण्याच्या दिवशी मॅनेजरांना हिरवे दिवे बघायचे होते आणि टेबलावरच्या नमुन्याच्या पिना जुन्या, झिजलेल्या होत्या. म्हणून मी मर्यादांच्या फाईलमधले आकडे सैल करून ठेवले. ती फाईल प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये होती. दाखवून झालं. मग मॅनेजर म्हणाले, खऱ्या मर्यादा डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्याचा बॅकअप रोज निघतो. मी तसं केलं. पडद्यावर एक शॉर्टकट केला आणि त्याच्या त्या छोट्या रकान्यात डी ड्राइव्हचं फोल्डर लिहिलं. प्रोग्रॅममध्ये फाईलचं नुसतं नाव होतं, तेच राहू दिलं. शॉर्टकटवरून उघडलं की खरी फाईल, बरोबर. जुनी, सैल फाईल काढायची राहिली. आणि प्रोग्रॅम फक्त याच चिन्हावरून उघडायचा, हे मी कोणाला सांगितलं नाही. दुसरीकडून कोण कशाला उघडेल, असं वाटलं.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी चेन्नईतल्या प्रत्येक कारखान्यात यंत्रं बंद असतात. धुऊन पुसून त्यांना चंदन-कुंकू लावतात, केळीचे खुंट बांधतात, आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, मुहूर्त बघून सगळं पुन्हा सुरू करतात. अण्णांनी आपलं टेबल धुतलं, मोजायचं यंत्र पुसलं, संगणकाच्या कडेला कुंकवाचा टिळा लावला आणि पडद्यावर सरस्वतीचं चित्र लावलं. आमच्या प्रोग्रॅमचं चिन्ह नेमकं देवीच्या चेहऱ्यावर येत होतं. त्यांनी ते काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर प्रोग्रॅमचं फोल्डर उघडून त्यांनी थेट मूळ प्रोग्रॅमवर टिचकी मारली, आणि पुढे रोज तसंच करू लागले.

तोच पडदा, तेच दिवे. रोज सकाळी ते एक खात्रीची पिन लावून बघायचे. ती मापाची असल्यामुळे हिरवीच दिसणार. चुकीची पिन लावून लाल येतंय का बघायची पद्धत तिथे या प्रकरणानंतर सुरू झाली.

तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाने पेट्या परत पाठवल्या. पिना बारीक होत्या. त्या कुठल्या गाडीत बसल्या नव्हत्या, हे नशीब. प्रत्येक पेटीवर अण्णांचा शिक्का होता.

मला बोलावलं तेव्हा मॅनेजरांच्या खोलीत अण्णा उभे होते. पडद्यावर सैल मर्यादा दिसत होत्या. त्या बदलायचा पासवर्ड दोघांकडेच होता, त्यांच्याकडे आणि माझ्याकडे.

"मी हात लावलों नाही," ते मला मराठीत म्हणाले. "तूं तरी बघ तंबी."

मी टेबलापाशी जाऊन बसलो. कारण सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर देवी होती, चिन्ह नव्हतं. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये माझीच सैल फाईल होती. डी ड्राइव्हवरची खरी फाईल जशीच्या तशी, तिला कोणी शिवलंही नव्हतं. मला सगळं कळलं. घरी मुलगा दहावीला होता, कंपनीत नुकतीच दोन माणसं कमी केली होती. हे मी तेव्हा मनात घोळवलं, आणि नंतरही बरेच दिवस घोळवत राहिलो. त्याने काही बदलत नाही.

मी सैल फाईल पुसून टाकली. शॉर्टकट पुन्हा केला, देवीच्या पायाशी. मग मॅनेजरांकडे गेलो.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "सर, तुमचा प्रोग्रॅम आपोआप आकडे बदलू शकतो का?"

"नाही सर," मी म्हणालो. "आपोआप बदलत नाही."

हे खरं होतं. इतकं सोयीचं खरं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललेलो नाही. कामाच्या अहवालात मी तीन वाक्यं लिहिली. मर्यादा बदललेल्या आढळल्या. मूळ मर्यादा परत बसवल्या. प्रोग्रॅममध्ये दोष नाही. खाली सही केली. कोणी बदलल्या, हे लिहिलं नाही. ते वाचणाऱ्यांनी स्वतःच ठरवलं.

अण्णांनी खण उघडून कापडासकट शिक्का मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला. त्यांना पॅकिंगमध्ये पाठवलं. मी पुढे दोनदा त्या कारखान्यात गेलो. एकदा ते पुठ्ठ्याच्या खोक्यांना पट्टी लावत होते. मला बघून त्यांनी मान हलवली. मी घाईत असल्यासारखं दाखवलं. नंतर कळलं की ते निवृत्त झाले. प्रोग्रॅमच्या पुढच्या आवृत्तीत मी फाईलचा पूर्ण पत्ता घातला आणि बदलांच्या यादीत लिहिलं, किरकोळ सुधारणा.

मागच्या वर्षी ते तीन दिवसांचं काम करताना हे सगळं वर आलं. लॉगची पहिली ओळ तिन्ही ठिकाणी बरोबर उमटू लागली तेव्हा मी ती बराच वेळ बघत बसलो. त्या वेळी ही एक ओळ असती, तर कोणालाही दाखवता आली असती. बघा, हा माणूस खोटं बोलत नाही, प्रोग्रॅम इथून सुरू झाला होता.

कारखान्यातल्या एका ओळखीच्या फिटरकडून पत्ता काढला. अण्णा अड्यारला मुलीकडे राहत होते. शनिवारी सकाळी गेलो. दार त्यांनीच उघडलं. केस पूर्ण पांढरे. क्षणभर बघत राहिले.

"मिरज," ते म्हणाले. "ये. चप्पल आंत ठेव, बाहेर कुत्रें नेतें."

मुलगी आणि जावई बाहेर गेले होते. अण्णांनी कापी केली. पेले आणून ठेवले, बसले, उठले, आत जाऊन आले. परत बसले, दोन वाक्यं बोलले, आणि पुन्हा उठून आत गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी मान वळवून बघितलं. ते गॅसचं बटण चिमटीत धरून उभे होते. ते बंदच होतं.

मी सांगून टाकलं. दिव्यांसाठी सैल केलेले आकडे, दोन फोल्डर, शॉर्टकटचा रकाना, देवीचा चेहरा, माझी तीन वाक्यं. तांत्रिक भाग त्यांना कळावा म्हणून दोनदा सांगितला, पण पहिल्यांदाच कळला होता. ते तपासनीस होते.

त्यांनी पेला खाली ठेवला. खाली भाजीवाल्याची हाक येत होती.

"म्हणजे मी बदललों नव्हतों," ते म्हणाले.

"नाही अण्णा."

"चिन्ह मी काढलों."

"त्यात तुमची चूक नव्हती. कुठूनही उघडलं तरी बरोबर फाईल सापडायला हवी होती. ते माझं काम होतं."

त्यांनी चष्मा काढला. "पहिल्यानं मी अस्क्यांस सांगत होतों, मी नव्हे, मी नव्हे. एक वर्ष गेलं, दोन गेलीं. मग मजलाच वाटूं लागलं, लागला असेल हात. पूजेच्या घाईंत काय तरी दाबलों असेन. नाही तर आकडे कसे बदलतील? मशीन खोटं बोलत नाही, तूंच बोललास." हात पुढे करून त्यांनी तळवे बघितले. "आतां दाराची कडी तीनदा बघतों. गॅस बघतों. मुलगी रागें भरते. नातीला शाळेच्या बसमध्यें बसवायला मजला देत नाहीत. विसरतों म्हणून नव्हे, तंबी. मजवर मजलाच भरंवसा नाही."

मी येताना गृहीत धरलं होतं की ते रागावतील, किंवा मोठ्या मनाने सोडून देतील. या तिसऱ्या गोष्टीची तयारी नव्हती. त्यांची नोकरीतली जागा मी घालवली हे मला माहीत होतं. त्यांचे स्वतःचे हातही मी काढून घेतले होते, हे मला त्या खोलीत कळलं. मी माफी मागितली. शब्द नीट आले नाहीत.

"सरी, बरें," ते म्हणाले. "बोलून काय होतं? लिही. इंग्लिशमध्यें लिही, कारखान्यांत अस्के वाचतील असं."

जावयाच्या टेबलावरून कागद आणून त्यांनी पुढे ठेवला. मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावला, खिशातून लाल पेन काढलं आणि पेटीतली एकेक पिन उचलावी तसं एकेक वाक्य बघितलं.

"इथें 'चुकून राहिली असावी' लिहितोस. राहिली कीं नाही?"

"राहिली."

"मग 'राहिली' लिही." त्यांनी लाल रेघ मारली. "आणि हें, 'गैरसमज झाला'. कोण्हाचा?"

"त्यांचा. माझ्यामुळे."

"होय कीं? मग तूं होऊं दिलास, असं लिही."

मी तीनदा कागद नवा केला. शेवटी त्यावर लाल काही उरलं नाही.

सोमवारी आधी माझ्या साहेबांना तो दाखवला. ते चिडले. इतक्या जुन्या गोष्टीसाठी कंपनीला का अडकवता, म्हणाले. त्या कारखान्याचं काम त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतलं. बाकी काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मी अंबत्तूरला गेलो. मॅनेजर तेच होते, फक्त थकलेले. त्यांनी कागद वाचला.

"सर, ते गिऱ्हाईकही आता राहिलं नाही," ते म्हणाले. "कोण वाचणार हे?"

"त्या तक्रारीची फाईल असेल ना? त्यात लावा. माझ्या अहवालाच्या वर. आणि कागद पोचल्याचा शिक्का प्रतीवर द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तो माणूस रोज माझ्या आधी यायचा. मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं." पण वाटूनही त्यांनी काही केलं नव्हतं, आणि ते विचारायचा अधिकार मला नव्हता. त्यांनी फाईल शोधून आणवली. कागद माझ्यासमोर लावला. तपासणीच्या टेबलावर आता एक तरुण बाई बसतात, त्यांनाही बोलावून वाचायला दिला. त्यांनी वाचून विचारलं, "म्हणून आम्ही रोज चुकीची पिन लावून बघतो का?" मॅनेजर हो म्हणाले.

प्रत घेऊन मी पुन्हा अड्यारला गेलो. या वेळी मुलगी घरी होती. तिने कागद उभ्यानेच वाचला. माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. वडिलांकडे बघून तमिळमध्ये म्हणाली, "अप्पा, उद्या बसपाशी तुम्ही जा."

अण्णांनी कागद घेतला. तारीख बघितली, पोचल्याचा शिक्का बोटाने चाचपला, मागची बाजू उलटून बघितली. मग लाल पेनने खालच्या कोपऱ्यात छोटी सही केली, पेटी तपासल्यावर करायचे तशी.

"बस," ते मला म्हणाले. "कापी घेऊन जा."

ते आत गेले. भांड्याचा आवाज झाला, मग पेल्यांचा. बाहेर आले, पेला माझ्यासमोर ठेवला आणि बसता बसता थांबले. परत आत गेले. आले. मी खाली बघत होतो. ते पुन्हा उठले.

"सवय आहे," दारातून त्यांनी सांगितलं. "तूं घे. निवतेय."